‘ओरिजिनल ऑडिओ’

रील तुफान चाललंय, गाणंही ओळखीचं. पण खाली, जिथे गाण्याचं नाव हवं, तिथे दोनच शब्द: ‘ओरिजिनल ऑडिओ’. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

कुणीतरी स्पीकरवर गाणं लावून फोनवर शूट केलं, की तो आवाज व्हिडिओ टाकणाऱ्याच्या नावावर चढतो. डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे गाणी अ‍ॅप्सपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने, पाठवलेल्या मूळ रेकॉर्डिंगशी (ज्याची ओळख म्हणजे अक्षरं-आकडे मिळून १२ चिन्हांचा आयएसआरसी कोड) तो जुळला नाही, तर कलाकाराच्या रिपोर्टमध्ये शून्य. पुढे शंभर जणांनी तोच आवाज उचलला तरी शून्यच.

म्हणून रिलीज करताना नुसत्या स्ट्रीमिंगवर टिक करून भागत नाही. सोशल मीडियाचा पर्याय बऱ्याचदा वेगळा निवडावा लागतो. यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखून त्यावर तुमचा दावा लावणारी यंत्रणा, आणखी निराळा. तिथे हक्क फक्त तुमचेच हवेत. भाड्याचा (इतरांनाही विकला जाणारा) बीट किंवा सगळ्यांना मिळणारा तयार लूप वापरला असेल, तर दावा भलत्याच्याच व्हिडिओवर जाऊन बसतो. (मग निस्तरत बसा!)

शॉर्ट्सचा हिशोब त्यातल्या त्यात उघड आहे. एक गाणं वापरलं तर त्या व्ह्यूजच्या वाट्याला आलेल्या जाहिरात-कमाईतला अर्धा भाग संगीत परवान्यांसाठी बाजूला निघतो, दोन वापरली तर दोन तृतीयांश.

आणि हे सगळं फक्त रेकॉर्डिंगचं बरं का. चाल आणि शब्दांची रॉयल्टी वेगळी. ती हवी तर संगीतकार-गीतकारांच्या हक्कसंस्थेत सभासद होऊन गाणं नोंदवावं लागतं, कुणाचा किती टक्के वाटा हे लिहून.

आपल्याच गाण्याची ओळ अ‍ॅपमध्ये शोधून पाहिलीय कधी? किती ‘ओरिजिनल ऑडिओ’ निघाले?