घोळीच्या पानावरचे अंडे

गेल्या ऑक्टोबरात सावंतवाडीजवळच्या एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी फुलपाखरांची छायाचित्रे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. छायाचित्रे माझ्या एका माजी विद्यार्थिनीने काढली होती आणि त्यांपैकी सात प्लेन टायगरची होती. नारिंगी पंख, पुढच्या पंखांची काळी टोके आणि त्यांवरचा पांढरा पट्टा, एवढे पाहून मी मिनिटभरात सातही नोंदींवर खूण केली. प्राणिशास्त्र शिकवण्यात बावीस वर्षे गेली की असा आत्मविश्वास येतो.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, चौथ्या फोटोतलं फुलपाखरू आमच्या परसातल्या घोळीवर अंडं घालत होतं. प्लेन टायगर घोळीवर अंडी घालतं का हो?"

घालत नाही. प्लेन टायगरची मादी रुई आणि तिच्या कुळातल्या वनस्पती निवडते; त्यांच्या चिकातले विष अळीच्या अंगात साठते, ते फुलपाखरातही उतरते आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. या दहशतीचा फायदा घेत डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी, स्वतः विषारी नसूनही, हुबेहूब तोच वेष धारण करते; अंडी मात्र ती घोळीवर घालते. तिचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट निळ्या कडांचे मोठे पांढरे ठिपके असतात. तो नर याच यादीत आधीच होता आणि तरीही मला त्याच्या मादीची आठवण झाली नाही. नवरदेवाची नोंद झाली होती, नवरी मात्र मी परक्या घराण्यात घातली होती.

खरा फरक मागच्या पंखावर असतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन काळे ठिपके असतात, नरात गंधकोशाचा, म्हणजे मादीला आकर्षित करणाऱ्या गंधाच्या पिशवीचा, चौथा. एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेलगत एकच. पण चौथ्या छायाचित्रात पुढचा पंख मागच्यावर सरकलेला होता आणि नेमकी तीच जागा झाकली गेली होती. चित्र मोठे करून पाहिल्यावर मागच्या पंखाची किंचित दंतुर किनार दिसली, तिला घोळीची साक्ष मिळाली आणि मी खूण खोडून नाव बदलले.

मग उरलेली सहा पुन्हा उघडली. चारांत ठिपके स्पष्ट मोजता आले. एकात फुलपाखरू पाठमोरे उडत होते आणि एकात मागच्या पंखावर गवताचे पाते आडवे आले होते. त्या दोन्ही नोंदींपुढे मी "अनिश्चित" असे लिहिले.

"अनिश्चित लिहिलं तर सरपंच विचारतील, सर," ती म्हणाली. मी तिला रुईच्या झाडांपाशी आणि घोळीपाशी पुन्हा जाऊन, पंख मिटलेले असताना बाजूने छायाचित्र घ्यायला सांगितले.