नियम झाडासारखा दिसायला हवा

रात्री जेवणं उरकली की मी माझ्या कंपायलरचं काम काढते, म्हणजे मी केलेल्या भाषेतला कोड यंत्राला कळेल असा करणाऱ्या प्रोग्रामचं. कंपायलर वाचलेल्या कोडचं झाड करतो: 'क्ष + ०' असेल तर शेंड्याला बेरीज, खाली दोन फांद्या. मग त्या झाडाची छाटणी. 'शून्य मिळवलं तर काहीच बदलत नाही' एवढंच सांगायला मी पहिल्यांदा सोळा ओळी लिहिल्या. नोड (झाडातला सांधा) बेरजेचा आहे का, उजवी फांदी स्थिरांक (ठरलेला आकडा) आहे का, त्याची किंमत शून्य आहे का... आठवड्याने वाचायला घेतल्या तर माझ्याच मला लागेनात.

सोलापुरात अशोक चौकात आमचे काका चादरींची डिझाइनं ग्राफवर रंगवायचे, चौकोन न् चौकोन. त्यावरून जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच व्हायची. चादरीत चूक दिसली की काका आधी ग्राफ पसरायचे. मोराची मान कुठे चुकली, ते कार्डाच्या भोकांत दिसत नाही. माझ्या सोळा ओळी म्हणजे नुसती भोकं होती.

म्हणून आता नियम असे लिहिते:

क्ष + ० ⇒ क्ष
क्ष − क्ष ⇒ ०

जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्येही २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून असे नियम वेगळ्या फाइलमध्ये असतात, पण लिस्प या कंसांनी भरलेल्या भाषेसारख्या कंसांत. मी माझ्या भाषेचीच मांडणी ठेवली. वाचणाऱ्याला ती आधीच येते.

दुसऱ्या नियमाने मात्र मला दोन रात्री जागवलं. एक अक्षर दोनदा आलं की दोन्ही फांद्या सारख्या, असा अर्थ मी धरला होता. चाचणीत 'वाच() − वाच()' होतं; 'वाच()' दर वेळी वापरणाऱ्याकडून एक आकडा मागतं. फांद्या हुबेहूब सारख्या, म्हणून कंपायलरने दोन्ही उडवून शून्य ठेवलं, आणि प्रोग्रामने आकडे विचारायचेच सोडले! पहिला नियमही अपूर्णांकांत खोटा ठरतो: −०.० मध्ये ०.० मिळवलं की उणे चिन्ह जातं. म्हणजे नियम कधी लागू, याची अट हवी. ती दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली तर ती कुणी वाचत नाही, मीसुद्धा नाही. ती त्याच ओळीत हवी:

क्ष + ० ⇒ क्ष, जर क्ष पूर्णांक
क्ष − क्ष ⇒ ०, जर क्ष पूर्णांक व शुद्ध

'शुद्ध' म्हणजे ज्याचे बाहेर काही परिणाम नाहीत आणि जे बाहेरून काही वाचत नाही.

'० + क्ष'चं काय? जीसीसीत त्यासाठी एका अक्षराची खूण आहे, दोन्ही क्रम आपोआप धरले जातात. मी सध्या दोन्ही ओळी लिहिते. फाइल लांबते, पण प्रत्येक झाड डोळ्यांसमोर राहतं.