पीलचं पहिलं पोलीसदल आणि त्याचं बिल

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत रॉबर्ट पीलचं नाव काढा. लंडन, १८२९, पोलिसाचं टोपणनाव 'बॉबी', हे उत्तर ठरलेलं. याच पीलने त्याआधी पंधरा वर्षं आयर्लंडमध्ये पोलीस उभे केले होते, ते मात्र परीक्षेला येत नाही, म्हणून कोणी वाचतही नाही. खरं तर आपल्याकडच्या पोलिसांचं कूळ शोधायचं तर लंडन सोडून टिपररी काऊंटीत जावं लागतं.

पील १८१२ ते १८१८ आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी, म्हणजे तिथल्या ब्रिटिश कारभाराचा मुख्य मंत्री होता. तेव्हा गावपातळीवर सरकार म्हणजे मॅजिस्ट्रेट, आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे तिथलाच जमीनदार: बिनपगारी, बहुतेक प्रोटेस्टंट, अनेकदा डब्लिनला किंवा इंग्लंडला राहणारा. काऊंटी म्हणजे आपला जिल्हा धरा, बॅरनी म्हणजे तालुका. १७८७ पासून काही काऊंट्यांत बॅरनीचे कॉन्स्टेबल होते. लोक त्यांना 'बार्नी' म्हणत. वय झालेले, अर्धवेळ काम करणारे आणि कोणाच्या तरी वशिल्याने लागलेले हे लोक रात्री घराबाहेर पडतील ही अपेक्षाच नव्हती. गडबड वाढली की मॅजिस्ट्रेट सैन्य मागवत. सैनिक यायचे, महिनाभर राहायचे आणि गावात कोण कोणाचा कोण हे कळायच्या आत परत जायचे.

१८१४ च्या कायद्याने 'पीस प्रिझर्वेशन फोर्स' आली. पद्धत अशी: स्थानिक मॅजिस्ट्रेटांनी अर्ज करायचा की आमची बॅरनी हाताबाहेर गेली आहे. मग लॉर्ड लेफ्टनंटने, म्हणजे आयर्लंडमधल्या राजाच्या प्रतिनिधीने, जाहीरनामा काढून तो भाग 'अशांत' ठरवायचा. तिथे सरकारी पगाराचा एक मुख्य मॅजिस्ट्रेट नेमायचा, त्याच्या हाताखाली एक कारकून, एक चीफ कॉन्स्टेबल आणि जास्तीत जास्त पन्नास शिपाई. मुख्य मॅजिस्ट्रेटने त्याच भागात मुक्काम ठोकायचा आणि काय चाललंय ते थेट डब्लिन कॅसलला, म्हणजे सरकारच्या मुख्यालयाला, कळवत राहायचं. पहिला प्रयोग सप्टेंबर १८१४ मध्ये टिपररीतल्या मिडलथर्ड बॅरनीत झाला. रिचर्ड विलकॉक्स हा मुख्य मॅजिस्ट्रेट, आणि शिपाई म्हणून घोडदळातून निवृत्त झालेले सार्जंट. लोक त्यांना 'पीलर' म्हणू लागले.

खर्च मात्र ज्या भागात दल आलं त्याच भागाने सोसायचा, काऊंटीच्या पट्टीतून. ही पट्टी जमिनीच्या मालकाकडून घेतली जात नसे, जो जमीन कसतो त्याच्याकडून घेतली जाई. म्हणजे रात्री कोणी गंजी पेटवली हे न सांगणाऱ्या गावाला सामुदायिक दंड. पीलला हा धाक पुरेसा वाटला होता. झालं भलतंच. पट्टी वाढली की कुळं खंड थकवणार हे जमीनदारांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून मॅजिस्ट्रेट अर्जच करेनात. परिस्थिती पार बिघडल्यावर अर्ज यायचे. जरा शांतता दिसली की लगेच 'दल हलवा' म्हणून तगादा सुरू. दल गेलं की गोळा केलेली माहितीही त्याच्याबरोबर जाई. १८१७ मध्ये दुरुस्ती करून दोन तृतीयांशापर्यंत खर्च सरकारने उचलायची सोय केली, तेव्हा कुठे अर्ज वाढले.

मुळात भांडण कशाचं? नेपोलियनशी युद्ध चालू असताना धान्याला सोन्याचा भाव होता, आणि खंड त्या भावाने ठरले होते. १८१५ नंतर भाव कोसळले, खंड तिथेच राहिले. लोकसंख्या १८२१ मध्ये सुमारे ६८ लाख होती, १८४१ मध्ये ८२ लाखांच्या आसपास गेली. भूमिहीन मजूर एका हंगामापुरता बटाट्याचा तुकडा चढ्या दराने घेई. याला 'कोनेकर' म्हणत. एक पीक बुडालं की तो रस्त्यावर.

त्यावर टाइद, म्हणजे चर्चचा दशांश. हा प्रोटेस्टंट चर्चला जायचा आणि भरणारे बहुसंख्य कॅथलिक, एवढं सगळे लिहितात. त्याहून खुपणारी गोष्ट वेगळी होती. १७३५ मध्ये आयरिश संसदेच्या एका ठरावाने चराऊ कुरणं व्यवहारात यातून सुटली. शेकडो एकरांवर गुरं चारणारा बडा असामी मोकळा, आणि अर्ध्या एकरात बटाटे लावणारा दशांश भरतो. मन्स्टर प्रांतात तर बटाट्यावरही टाइद होता. वसुलीचे हक्क पुष्कळदा मक्त्याने दिले जात, आणि मक्तेदार दिलेल्या रकमेवर आपला नफा चढवून वसूल करी. दुसऱ्या बाजीरावाच्या मामलतींचे मक्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

रात्रीच्या टोळ्यांची नावं काऊंटीगणिक आणि वर्षागणिक बदलत. १७६१ चे व्हाइटबॉईज, कनॉटमधले थ्रेशर्स, १८२१ ते १८२४ चे रॉकाइट्स, क्लेअरमधले टेरी ऑल्ट. काम करायची रीत बरीचशी तीच. आधी चर्चच्या दारावर कागद लागे: अमुक जमिनीवरून कूळ काढलंय, ती दुसऱ्याने घेऊ नये, टाइद अमुक दरापेक्षा जास्त देऊ नये. खाली सही 'कॅप्टन रॉक', शेजारी शवपेटीचं चित्र. ऐकलं नाही तर रात्री माणसं येत, तोंडाला काजळी, कपड्यांवरून पांढरे शर्ट किंवा बायकांचे झगे. शक्यतो दुसऱ्या परगण्यातली, म्हणजे घरच्यांना आवाजावरूनही ओळख पटू नये. घरातली बंदूक मागून घेत. प्रार्थनेच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायला लावत की जमीन सोडतो. अडून बसणाऱ्याची गुरं घोट्यामागची शीर तोडून कायमची लंगडी करत. काही ठिकाणी लोकर विंचरायची खिळ्यांची फणी माणसाच्या उघड्या पाठीवरून ओढत.

रॉकाइट चळवळ लिमरिक काऊंटीत न्यूकॅसल वेस्टच्या कोर्टनी जमीनदारीवर पेटली. नवा कारभारी खंडाच्या बाबतीत कडक निघाला, हे तात्कालिक कारण. चळवळ म्हणजे निव्वळ गरिबांची, असं समजायचं कारण नाही. टाइदचा प्रश्न आला की चांगले खातेपिते शेतकरी सामील होत, मजुरीचा आणि कोनेकरचा आला की तेच शेतकरी लक्ष्य होत. 'राष्ट्रीय लढा' या साच्यात हे सगळं बसवणारे इथेच घसरतात.

पोलिसांची खरी अडचण बंदुकांची नव्हती, साक्षीदाराची होती. लाउथ काऊंटीत एप्रिल १८१६ मध्ये वाइल्डगूस लॉज नावाच्या घरावर बंदुकांसाठी धाड पडली. घरमालक एडवर्ड लिंचने ओळख पटवली, तिघे फासावर गेले. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री जमाव आला आणि घर आतल्या माणसांसकट पेटवून दिलं. आठ जण जळून मेले. पुढे या प्रकरणात अठरा जणांना फाशी झाली. एवढं झाल्यावर कोण कोर्टात उभं राहून बोट दाखवील?

म्हणून 'इन्सरेक्शन ॲक्ट', म्हणजे बंडाविरुद्धचा कायदा. जाहीर झालेल्या भागात सूर्यास्त ते सूर्योदय घराबाहेर सापडलात तर सात वर्षं वसाहतीत रवानगी. खटला ज्युरीशिवाय, मॅजिस्ट्रेटांपुढे, अध्यक्षस्थानी सरकारी नेमणुकीचा बॅरिस्टर. साक्षीदाराची गरजच जवळपास संपली. माणूस रात्री खाटेवर नव्हता एवढं गस्तीने सांगितलं की झालं. कायद्याची तात्पुरती सोय म्हणून हे चालतं, पोलीसव्यवस्था म्हणून नाही.

१८२२ मध्ये चीफ सेक्रेटरी हेन्री गोलबर्नच्या काळात काऊंटी कॉन्स्टेबुलरी आली. अर्ज नाही, जाहीरनामा नाही, प्रत्येक बॅरनीला सोळा कॉन्स्टेबल कायमचे, वर चार प्रांतांना चार इन्स्पेक्टर जनरल. शिपाई नेमायचा हक्क मात्र स्थानिक मॅजिस्ट्रेटांकडेच ठेवला. अर्धा बदल. जमीनदाराच्या माळ्याचा मुलगा शिपाई झाला, तर तो कोणाचं ऐकणार?

याची कसोटी टाइदच्या लढ्यात लागली. मार्च १८३१ मध्ये किलकेनीतल्या ग्रेगनामॅनाला सुरुवात झाली आणि लोकांनी कायद्यातल्याच फटी वापरल्या. जप्ती फक्त दिवसाउजेडी करता येत होती आणि कुलूप तोडायला मनाई होती. त्यामुळे गुरं दिवसभर गोठ्यात कुलपाआड आणि रात्री कुरणात. टेकड्यांवर पोरं शिंगं घेऊन बसलेली. पोलीस दिसले की शिंग, मग पुढच्या गावात चर्चची घंटा. समजा जप्ती झालीच, तरी गुरं जाहीर लिलावात विकायला हवीत, आणि बोली लावायला कोणी येत नसे. १८३२ मध्ये सरकारने पाद्र्यांना ६०,००० पौंड उचल देऊन थकबाकीची वसुली स्वतःकडे घेतली. वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च जास्त झाला.

१४ डिसेंबर १८३१. किलकेनीत कॅरिकशॉकला एक माणूस टाइदच्या नोटिसा बजावायला निघाला, बरोबर चाळिसेक पोलीस, प्रमुख कॅप्टन गिबन्स. नोटीस हातोहात द्यावी लागे, म्हणून जमावाला तो माणूस आणि त्याच्याजवळचे कागद हवे होते. (दख्खनच्या दंग्यात सुप्याला १८७५ मध्ये सावकारांच्या दप्तरावर जी झडप पडली, तिचं गणित याच जातीचं.) तुकडी दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेल्या अरुंद पाणंदीत शिरली. तिथेच चूक झाली. तोंडाकडून ठासायची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि गर्दी अंगाला भिडल्यावर लांब नळी वळवायलाही जागा नसते. दगड आला, गोळीबाराचा हुकूम झाला आणि काही मिनिटांत गिबन्स, नोटीसवाला आणि शिपाई धरून डझनाहून अधिक माणसं मारली गेली. जमावातले तिघे मेले. खटल्यात आरोपींच्या बाजूने कॅथलिकांचा पुढारी आणि वकील डॅनियल ओकॉनेल उभा राहिला आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्याच डिसेंबरात इकडे उमाजी नाईक पकडले गेले, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. दोन्हीकडे राज्य इंग्रजांचंच, तरी एक फरक मोठा आहे. रामोशी हे स्वतःच गावांचे आणि किल्ल्यांचे वंशपरंपरेचे राखणदार. कंपनीने जुनी व्यवस्था मोडल्यावर राखणदारच बंडात गेले. आयर्लंडात मोडायला अशी गावकीची राखणदारी नव्हतीच. तिथे सगळं वरून उभारावं लागलं.

ते १८३६ मध्ये झालं, अंडर-सेक्रेटरी थॉमस ड्रमंडच्या हाताखाली. एक इन्स्पेक्टर जनरल, सगळ्या नेमणुका डब्लिनहून, मॅजिस्ट्रेटांचा हक्क संपला. शिपायाला स्वतःच्या काऊंटीत नेमायचं नाही, त्याला मतदान नाही, फ्रीमेसन सोडून कुठल्याही गुप्त संघटनेत जाता येणार नाही. काळपट हिरवा गणवेश, हातात कार्बाइन, मुक्काम चार-सहा जणांच्या लहान बराकीत. प्रत्येक गुन्ह्याचा लेखी अहवाल वर. हे अहवाल मला बंदुकीपेक्षा महत्त्वाचे वाटतात: दल हललं तरी माहिती आता जागेवर राहू लागली. १८३८ मध्ये टिपररीच्या मॅजिस्ट्रेटांनी आणखी कडक कायदे मागितले, तेव्हा ड्रमंडने लेखी कळवलं की मालमत्तेला हक्कांबरोबर कर्तव्यंही असतात. जमीनदार हे कधी विसरले नाहीत. त्याच वर्षी टाइद पंचवीस टक्क्यांनी कमी करून जमीनदाराच्या माथी टाकला, आणि तो लढा विझला.

बिलाचं काय झालं? १८४६ मध्ये सगळा खर्च सरकारी खजिन्यावर गेला. पुढच्याच वर्षी, ऐन दुष्काळात, नव्या कायद्याने अशांत भागातल्या जादा पोलिसांचा खर्च पुन्हा त्या भागावर टाकला. दरम्यान १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंधमध्ये आयरिश नमुन्यावर पोलीस उभे केले होते. मुंबई इलाख्याने त्यावरून धडे घेतले आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याचं कलम १५ म्हणजे अशांत भागात रहिवाशांच्या खर्चाने जादा पोलीस. मुंबई इलाख्याच्या १८९० च्या कायद्यातही तशीच तरतूद होती. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुणेकरांवर दंडाच्या पोलिसांचा खर्च लादला गेला तेव्हा चापेकरांचं नाव तपासात कुठेही नव्हतं.