638 डॉलर

अमेरिकेत, ओहायोत, मी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या फाइली तपासते. 1986 च्या करकायद्यातल्या कलम 42 प्रमाणे अशा इमारतीला टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करात थेट सूट, मिळतं. बँका, विमा कंपन्या भागीदार म्हणून पैसे घालतात आणि ते क्रेडिट 10 वर्षं घेत राहतात. मुख्य अट अशी, घरं ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांनाच द्यायची. त्या 'च'वर माझं पोट चालतं.

त्या दिवशी 31 डिसेंबर होता. नव्या इमारतीत पहिलं वर्ष संपताना जे घर पात्र भाडेकरूविना राहतं, ते पुढे भरलं तरी त्याचं क्रेडिट दोन तृतीयांशच मिळतं. त्यामुळे वर्षभर ढिम्म असलेली माणसं डिसेंबरात ताशी एक फोन करतात. एक घर उरलं होतं आणि टेबलावर दोन फाइली होत्या.

पहिली फाइल वृद्धाश्रमात काम करणाऱ्या एका बाईची. ती आणि तिचा मुलगा. आपल्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला झालेल्या वर्षाचा असतो. इथे पुढच्या 12 महिन्यांचं उत्पन्न मांडायचं. ताशी 18.50, आठवड्याला 40 तास, 52 आठवडे म्हणजे 38,480. इथवर सरळ. पण मालकाच्या पत्रात लिहिलेलं, 'ओव्हरटाइम आठवड्याला सरासरी 6 तास'. दीडपट दराने ते झाले आणखी 8,658. बेरीज मर्यादेच्या 638 डॉलर वर. पगाराच्या स्लिपांवरून वर्षाची सरासरी काढली तर जेमतेम 2 तास येत होती. त्या हिशेबाने ती आरामात बसत होती.

दोन आकडे आले की मोठा धरायचा, असा आमचा शिरस्ता. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही. ऑडिटच्या धसक्याने ऑफिसने लावून घेतलेली सवय आहे ती. खुलासा मागायला वृद्धाश्रमात चार वेळा फोन केला. चारही वेळा नाताळच्या शुभेच्छांची टेप. साइटवरची मॅनेजर म्हणाली, "स्लिपाच धर ना, कोण बघतंय?" बघणारी मीच होते.

मी 'अपात्र' लिहिलं.

दुसरी फाइल एका जोडप्याची. नवऱ्याची नोकरी नोव्हेंबरात गेलेली, हातात नवी ऑफर नाही. बेकारी भत्ता वर्षभराचा धरूनही मर्यादेच्या खूप खाली. संध्याकाळी पाचच्या आत त्यांनी भाडेकरारावर सह्या केल्या, किल्ली घेतली. बिल्डरच्या माणसाने मला फुलांची इमोजी पाठवली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वृद्धाश्रमाचं उत्तर आलं. जास्तीचे तास फक्त सणापुरते, एक सहकारी रजेवर होती म्हणून. फेब्रुवारीत त्या जोडप्यातल्या नवऱ्याला चांगली नोकरी लागली. आज अर्ज केला असता तर तो मर्यादेच्या कितीतरी वर गेला असता. त्यात गैर काहीच नाही. आत गेल्यावर पगार वाढला म्हणून कुणाला काढत नाहीत, आणि काढूही नये. मोजमाप काय ते उंबऱ्यावर.

पहिल्या वर्षाच्या फाइली 21 वर्षं जपायच्या असतात. त्या जोडप्याची फाइल मी पुन्हा दोनदा तपासली. एक सही इकडची तिकडे नाही. बाईला मी फोन केला, प्रतीक्षायादीत नाव घालते म्हणाले. तिने विचारलं, "ओव्हरटाइम नाकारला असता तर मिळालं असतं का?"

हो, मिळालं असतं. मी म्हणाले, "सांगता येत नाही."