सेट केलो

सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत शिरा, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून कुणीतरी 'सेट' म्हणतच असतं. उभ्या धाग्यांचा बीम सेट करा. टायमिंग सेट करा. मालकाचा थोरला पुण्यात सेट झाला. पाहुण्यांचा होकार आला, म्हणजे तेही सेट. नवी पेठेत टॉवेल-नॅपकिनचा सेट मिळतो आणि एम.ए. झालेला भाचा सेटची तयारी करतोय. पण परीक्षेचं नाव म्हणजे नुसती आद्याक्षरं, ती या खानदानात धरायची नाहीत.

खुद्द इंग्रजांनाही हे क्रियापद आवरलेलं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यात सगळ्यांत लांबलचक नोंद याच क्रियापदाची: ४३०च्या वर अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द. एवढ्यात एक कादंबरी होते.

मूळ मात्र अगदी साधं. जुन्या इंग्रजीत बसण्याला 'सित्तान' आणि बसायला लावण्याला 'सेत्तान' म्हणत. म्हणजे आपलं बसणे आणि बसवणे! म्हणूनच इंग्रज जिथे सेट करतो तिथे आपली आजी बसवायची. निखळलेलं हाड बसवायचं, कुडीत मोती बसवायचा, विस्कटलेली घडी बसवायची. दह्यापाशी मात्र वाटा फुटतात. तिकडे ते बसतं, आपल्याकडे लागतं. सूर्यही तिकडे बसतो, आपला मावळतो. मे महिन्यात सोलापूरकर दुपारी चारलाच वर बघून म्हणतो, बस बाबा आता, कुठल्याही भाषेत बस. (बसवेश्वरांच्या नावाचा या बसवण्याशी काही संबंध नाही, हे या गावात लगेच सांगून टाकलेलं बरं. तो 'बसव' कन्नड, वृषभावरून आलेला.)

आपलं 'बसणे' संस्कृतातल्या 'उपविश्'वरून झिजत आलं, त्यामुळे सेटशी त्याचं रक्ताचं नातं नाही. ते नातं आहे 'सद्' या धातूशी. संसद, परिषद, सदन, गुरूजवळ बसून शिकायचं ते उपनिषद, ही सगळी सेटची चुलत भावंडं. खरी गंमत पुढे आहे. टॉवेलचा सेट हा मुळात वेगळाच शब्द. तो लॅटिनमधल्या 'सेक्ता'पासून फ्रेंचमार्गे आला. सेक्ता म्हणजे कुणामागून जाणं, कुणाचे तरी अनुयायी. पुढे दोघांचे उच्चार जुळले आणि ते एकमेकांत मिसळून गेले. या दुसऱ्या सेटचा संस्कृतातला नातेवाईक म्हणजे 'सच्', सोबत असणं, आणि त्यातून झालेला सचिव. तेव्हा हॉटेलात एका ताटलीत दोन-तीन येतात तो सेट दोसा सचिवाकडचा, आणि बीम सेट करणं संसदेकडचं. 'त्याची तिथं सेटिंग आहे बे' यातली सेटिंग कुणाकडची, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मला स्वतःला यातला जॉबरचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा, सेट सगळ्यांत आवडतो, कारण त्यात ढिसाळपणा चालत नाही. ओळखीच्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर एकाच बाजूचे धागे सारखे तुटत होते. जॉबरमामा आले. घरी तेलुगू, मालकाशी मराठी, मदतनिसाला दोन शिव्या दखनीत. त्यांनी मोटर बंद केली आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. ताण्याचे उभे धागे वर-खाली होऊन मधे वाट पुरती उघडायच्या आतच आडवा धागा नेणारा धोटा पेटीतून निघत होता. वाटेत येतील ते धागे तोडणारच. पान्यानं एक नट सैल केला, काहीतरी केसभर सरकवलं, नट आवळला. माग सुरू केला, पुन्हा बंद केला. नव्या विणीवरून तळवा फिरवला. मग पाना खिशात घालत म्हणाले, "सेट केलो बगा."

'केलो'वर पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत. कानडीच्या शेजारात क्रियापद केलेल्या कामाप्रमाणे नाही, करणाऱ्याप्रमाणे बदलतं; करणारा आधी आणि केलेलं काम नंतर, असं व्याकरण होतं, आणि जॉबरच्या बाबतीत ते मला जास्त खरं वाटतं.

२०११च्या सुमारास बातमी आली की कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी काम करताना सेटचा मान 'रन'कडे गेला. त्याचे म्हणे ६४५ अर्थ भरले, आणि त्यांतले कितीतरी यंत्रयुगानं वाढवलेले. इंग्रजीत घड्याळ धावतं, गिरणी धावते, दुकानही धावतं. आपल्याकडे ही सगळी चालतात. मागसुद्धा चालतोच, धावायला लागला तर जॉबरमामांना बोलवावं लागतं.