३८ सेकंद

शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणीकडे पोचलो तेव्हा तिने दोन दिवसांचा कार्यक्रम कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवलेला होता. शनिवारी सकाळी टेकडी, दुपारी तळं, रात्री पत्ते. रविवारच्या रकान्यात नुसतंच ‘भटकंती’ आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. माणसं चार: मी, माझा नवरा, ती आणि तिचा नवरा. कुत्री तीन, तिन्ही ग्रेहाउंड. आमचे ढगू आणि मैना, त्यांचा बाण. रविवारी आम्ही निघालो तेव्हाही तो कागद तिथेच होता आणि त्यातलं काहीएक झालेलं नव्हतं. पत्ते एकदा पिसले होते, तेवढंच.

ग्रेहाउंड पाळलेत म्हटलं की समोरचा आधी माझ्या पायांकडे बघतो. ‘बापरे, रोज किती पळवत असतील तुम्हाला!’ मी हल्ली खुलासा करायचं सोडून दिलंय. ताशी ७० किलोमीटरच्या घरात पळणारं हे जनावर दिवसाचे सोळा-अठरा तास झोपून काढतं, हे कुणाला पटतच नाही. दोन वेळा बेताचं फिरवून आणलं की त्याचं काम झालं. बरं, झोप तरी कशी? उताणं, चार पाय चार दिशांना, मान सोफ्याच्या कडेवरून खाली लोंबलेली, डोळे अर्धवट उघडे. मैना पहिल्यांदा अशी झोपली तेव्हा मी घाबरून नवऱ्याला हाका मारल्या होत्या. मरून पडलेल्या झुरळासारखी ती दिसते खरी, पण आता तसं काही दिसलं की जिवाला बरं वाटतं. स्वारी खुशीत आहे.

आणि ही कुत्री बसत नाहीत. मागच्या मांड्या इतक्या भरलेल्या असतात की ढुंगण टेकून बसणं त्यांना अवघडच जातं. उभं राहायचं, नाहीतर सरळ आडवं व्हायचं. मधलं काही नाही.

तर, टेकडी का हुकली ते सांगते. आम्हाला झोपायला वरची खोली दिली होती. ढगू आणि मैना दोघंही शर्यतीतून निवृत्त झालेले. ढगूच्या कानाच्या आत गोंदलेला नंबर अजून आहे, कान उजेडाकडे धरला की पुसट दिसतो. अशा कुत्र्यांची सुरुवातीची वर्षं केनेलमध्ये आणि धावपट्टीवर जातात. जिना, आरसा, काचेचं दार हे प्रकार त्यांच्या गावीच नसतात. मैना आमच्याकडे येण्याआधी कुठेतरी जिना शिकून आली होती, ती टणाटण वर गेली. आमच्या घरी जिना नाही, त्यामुळे ढगूचं शिक्षण तेवढं राहून गेलेलं. तो पहिल्या पायरीशी उभा राहिला आणि वर बघत बारीक आवाजात कुंईकुंई करायला लागला. शेवटी नवऱ्याने त्याला उचललं. ३३ किलो वजन ही त्यातली सोपी बाजू. घडीची खुर्ची मध्येच उघडावी तसे त्याचे पाय प्रत्येक पायरीला कुठल्या तरी नव्या बाजूने बाहेर येत होते. एकाने मैत्रिणीच्या भिंतीवरची तसबीर तिरकी केली. ढगूच्या चेहऱ्यावर मात्र पालखीत बसल्याचा भाव.

सकाळी तो खाली यायला तयार होईना, आणि नवऱ्याची कंबर त्याला उचलायला तयार होईना. मग चौघांनी मिळून त्याला जिना शिकवला. मैत्रीण पुढचा उजवा पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवणार, तिचा नवरा पुढचा डावा, मागचे दोन माझ्याकडे. माझा नवरा खाली उभा राहून ‘ये रे, ये रे’ करणार. बाण दर दोन मिनिटांनी खाली-वर करून प्रात्यक्षिक दाखवत होता, त्याचा उपयोग शून्य. चौदा पायऱ्या. पाचव्या पायरीवर मैत्रिणीला इतकं हसू आलं की ती तिथेच भिंतीला टेकून बसली, आणि ढगूला वाटलं धडा संपला. खाली पोचायला तासाच्या वर लागला. त्यानंतर तो शिकलेला विद्यार्थी सतरंजीवर आडवा झाला आणि त्याला टेकडीविषयी विचारण्यात अर्थच उरला नाही. आमच्यातही फारसा उत्साह नव्हता, खोटं कशाला सांगा.

दुपारी भुरभुर पाऊस आला, म्हणजे तळंही गेलं. ग्रेहाउंडची कातडी पातळ, अंगावर केस आखूड, त्याखाली मऊ लोकरीचा थर नाही आणि चरबी नावापुरती. थंडी-पाऊस त्यांना थेट हाडांना लागतो. तिघांनाही अंगरखे घातले होते, तरी दार उघडल्यावर तिघं उंबऱ्यावर रांगेत उभे राहिले, पावसाकडे बघितलं, मग आमच्याकडे. हे तुम्ही चालू केलंय ना, आता बंद करा, असा स्वच्छ हिशेब. बाणने एक पंजा बाहेर टाकला आणि लगेच मागे घेतला.

रात्री पत्ते पिसले तोच मैना आली आणि माझ्या नवऱ्याला टेकली. हे टेकणं कसं असतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. शेजारी येऊन उभं राहायचं आणि सगळा भार तुमच्यावर सोडून द्यायचा. तुम्ही सरकलात तर कुत्रं पडेल, म्हणून तुम्ही सरकत नाही. मग हळूहळू तिचं ते सुईसारखं निमुळतं तोंड त्याच्या हाताखालून वर आलं आणि पानांवर विसावलं. नवरा हळू आवाजात म्हणाला, ‘मला माझी पानं दिसत नाहीयेत.’ कुणीच तिला उठवलं नाही. गप्पा सुरू झाल्या त्या दीड वाजेपर्यंत. मैत्रिणीच्या वडिलांचं आजारपण, आमचं नोकरी बदलायचं चाललेलं, कॉलेजातल्या एका भांडणाचा खरा दोषी कोण. या गोष्टी आम्ही वर्षभर फोनवर ‘भेटलो की बोलू’ म्हणून ढकलत आलो होतो. डावावर डाव पडले असते तर तेव्हाही ढकलल्याच असत्या.

रविवारी पाऊस थांबला. मैत्रिणीच्या घरामागे चहूबाजूंनी उंच कुंपण घातलेलं मैदान आहे. ग्रेहाउंडला मोकळं सोडायचं ते फक्त अशा ठिकाणी. ही वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी जात. लांब कुठे काही हललं की डोळा तिथे, पाय डोळ्यामागे, आणि तुमची हाक कुठल्या कुठे. मैना आमच्याकडे आली त्या पहिल्याच आठवड्यात साध्या पट्ट्यातून मागच्या मागे निसटली होती, कारण यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. पट्टा माझ्या हातात, पट्ट्यात कुत्रं नाही. नशिबाने ती शेजारच्या दारापाशीच थांबली. तेव्हापासून ओढ बसली की आवळणारा पट्टा.

अंगरखे काढले, साखळ्या सोडल्या. तिघं आधी उगाच गवत हुंगत फिरले. मी मोबाइल काढला आणि तेवढ्यात वाऱ्याने कुठलीशी कागदी पिशवी उडाली.

१९१९ साली कॅलिफोर्नियात एमरीव्हिल इथे ओवेन स्मिथ नावाच्या माणसाने गोल धावपट्टीवर यंत्राचा ससा पळवून त्यामागे ही कुत्री सोडली. खऱ्या सशाची गरजच नाही, हे त्याने हेरलं होतं. त्या शर्यतींविषयी माझं मत चांगलं नाही, आणि ढगूच्या कानातला नंबर दिसला की ते आणखी वाईट होतं. पण माणसाचं निरीक्षण बरोबर होतं. पिशवी पुरते.

घोडा चौखूर उधळतो म्हणतो आपण, तरी एका झेपेत त्याचे चारही पाय एकदाच जमीन सोडतात. ग्रेहाउंडचे दोनदा. एकदा अंग धनुष्यासारखं आवळून पाय पोटाखाली येतात तेव्हा, आणि एकदा अंग लांबच लांब ताणलं जातं तेव्हा. डोळ्याला हे दिसत नाही. कानाला मात्र ऐकू येतं. आधी जमिनीतून धडधड, मग ती जवळ, मग चेहऱ्यावर वारा, आणि पाठीमागे उडालेली मातीची ढेकळं. सकाळभर चौदा पायऱ्यांशी झगडलेला तो ढगू हाच, यावर माझा विश्वास बसेना. माझा नवरा तर टाळ्या वाजवत उड्या मारत होता, लहान पोरासारखा.

मग एकदम संपलं. तिघंही थांबले, जिभा हातभर बाहेर. ढगू धापा टाकत आला आणि नवऱ्याच्या मांडीला टेकून दात वाजवायला लागला, कटकटकटकट. अनोळखी माणसाला वाटेल थंडी वाजतेय. आनंद फार झाला की यांचे दात असे वाजतात. नवऱ्याने वाकून त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला.

घरी परतल्यावर मैत्रिणीने फोटो पाठवले. साठ-सत्तर असतील. झोपलेला ढगू, झोपलेली मैना, झोपलेला बाण, मैनेच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेला माझा नवरा. मी तिला धावण्याचा व्हिडिओ पाठवायचा म्हणून उघडला. ३८ सेकंदांचा. त्यात हलणारं गवत आहे, कुंपण आहे, एकदा कडेला काहीतरी राखाडी चमकून जातं, आणि मागे माझाच आवाज: ‘आला, आला, आला… अगं, गेला!’