आतल्या बाजूचा ब्रेक पॅड

चिपळूणहून कराडला जायचे म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. या रस्त्याने माझे महिन्यातून दोनदा तरी जाणे-येणे असते, त्यामुळे गाडीच्या ब्रेककडे आपले नीट लक्ष आहे असे मी समजत होतो. अधूनमधून चाकाच्या फटींतून बॅटरीचा उजेड टाकून मी पुढचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे, पाहत असे. बाहेरच्या पॅडवर पाच-सहा मिलिमीटर घासणारा थर शिल्लक दिसला की माझे समाधान होई. गेल्या दिवाळीनंतर मात्र घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाज येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सपाट जागी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, चाकाचे नट आधी सैल करून मगच जॅक चढवला आणि गाडीखाली पक्का स्टँड दिला. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली हात घालू नये. चाक निघाल्यावर खरा प्रकार दिसला. बाहेरच्या पॅडवर पाच मिलिमीटर थर होता आणि त्याच कॅलिपरमधल्या (दोन्ही पॅड धरून ठेवणाऱ्या भागातल्या) आतल्या पॅडवर जेमतेम दोन.

असे का झाले, हे कॅलिपरची रचना पाहिली की समजते. बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या दाबाची प्रतिक्रिया म्हणून संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. माझ्या गाडीत एका पिनेवरचे रबर फाटले होते, कोकणातल्या पावसाचे पाणी आत शिरून पिन गंजली होती आणि कॅलिपर सरकायचा थांबल्यामुळे जवळजवळ सगळे काम एकटा आतला पॅड करत होता. आवाज होता तो पॅडला मुद्दाम बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीचा. थर संपत आला की ती डिस्कला घासून चालकाला सावध करते. प्रत्येक पॅडला अशी पट्टी असतेच असे नाही, म्हणून आवाज येत नाही याचा अर्थ पॅड ठीक आहेत असा घेऊ नये.

नव्या पॅडचा थर साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो आणि तो तीनवर आला की पॅड बदलावेत. मोजताना थर ज्यावर बसवलेला असतो ती मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. ती धरल्यामुळे संपलेला पॅडही अर्धा शिल्लक आहे असे वाटते. पॅड बदलताना दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

गॅरेजमध्ये मला पॅडबरोबर दोन्ही डिस्कही बदलायला सांगण्यात आले. कारण विचारले तेव्हा कडेला आलेल्या काठाकडे बोट दाखवले गेले. हे मला पटले नाही. पॅड जिथे घासत नाही तिथे काठ उरणारच; डिस्क बाद झाली की नाही, हे तिची जाडी ठरवते. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर तो 18 मिलिमीटर होता. साधा व्हर्नियर त्या काठावर टेकतो आणि जाडी फुगवून दाखवतो, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून मायक्रोमीटर आणून घासलेल्या भागावर सहा ठिकाणी मापे घेतली. डाव्या डिस्कची सगळी मापे 19.4 च्या आसपास आली आणि त्यांच्यातला फरक मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांपलीकडे गेला नाही. उजवीचेही तसेच. तडे नव्हते, निळे डाग नव्हते, नख अडकेल असे खोल चर नव्हते. वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरण्याची तक्रारही कधी नव्हती. यांपैकी काही आढळले असते तर मी डिस्कचा विचार नक्की केला असता. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस गंज मात्र चार ब्रेकांत निघून जातो, त्याची काळजी नको.

ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतात तशी खाली जाते. ती खाली दिसली की लगेच ऑइल भरण्याची सवय मी सोडली आहे, कारण त्या पातळीतून पॅडची झीज कळते आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की वर भरलेले ऑइल सांडून रंग खराब करते. मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममधले लायनर, म्हणजे तिथले घासणारे थर, सावकाश झिजतात. ते मी सर्व्हिसिंगच्या वेळी ड्रम काढायला लावून पाहतो.

डिस्क तशाच ठेवून नवे पॅड बसवले, चारही पिना साफ करून ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले, फाटलेले रबर बदलले आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घेतले. या पावसाळ्यानंतर पुन्हा चाक काढले तेव्हा डावीकडचा बाहेरचा पॅड आठ मिलिमीटर भरला आणि आतला साडेसात.